माणूस वगळून

आई हरवायच्या आदल्या दिवशी चार नंबरच्या नाकाला समुद्रात कोंबडी सापडली.

सकाळी मी यादी उघडली. पेडवे, तारली, सौंदाळे, दोन जातींच्या कुर्ल्या, एक वाम, आणि त्यांच्या खाली 'कोंबडी, पाळीव'. मी ती ओळ पुसायला घेतली तेव्हा आई चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभी होती.

"काय करतेस?"

"कोंबडी काढतेय."

"का?"

"आई, समुद्रात कोंबडी नसते."

"काल होती. नाकाला खोटं बोलून काय मिळणार?" ती खिडकीशी गेली आणि खाली धक्क्यावर ओरडली, "गौरेश! काल वाघखडपावर जेवलास का रे?"

आमच्या होडीचा तांडेल गौरेश कुबल बादलीने होडी धूत होता. "व्हय बाईनू. वडे-सागोती होती. कित्या ओ?"

"हाडं कुठे टाकलीस?"

"खंय टाकतलंय? दर्यात." मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो मोठ्याने हसला. "आता हाडांची पण हजेरी घेतास?"

"ठेव ती ओळ," आई मला म्हणाली. "शेजारी लिही, गौरेशचं जेवण. पाण्यात आलं ते यादीत राहणार."

मी लिहिलं. दुपारी आमचा थोडा वाद झाला. चार नंबरच्या नळीच्या तोंडाशी कालवांची पिल्लं बसली होती आणि ती खरवडायला उद्या आपणच पाण्यात उतरणार, असं आईने ठरवलं होतं. एकसष्टाव्या वर्षी हे तिने करायचं कारण नव्हतं. मत्स्यखात्याचे दोन तरुण पाणबुडे पुढच्या आठवड्यात येणार होते. "तोवर नाक तुंबलेलंच ठेवू?" असं म्हणून तिने विषय संपवला. रात्री आम्ही पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर खाल्ली. तिने माझ्या ताटातला अर्धा पापड मोडून घेतला. त्या दिवसाचं एवढंच आठवतं. लक्षात राहावं असं त्यात काही घडलं नव्हतं.

नाक म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

आमच्या गावाच्या, शिंपण्याच्या, समोरच्या समुद्रात वाघखडप नावाची पाण्याखालची खडकाळ रांग आहे. तिच्या भोवती आणि तिथून दक्षिणेकडे नऊ पिवळी पिंपं नांगरलेली आहेत. ती पाणी ओढून घेतात आणि पाण्यात कोण कोण येऊन गेलं ते सांगतात. गावाने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'नाकां' ठेवलं. पिंप बिघडलं की 'नाक शिंकला' म्हणतात. आमच्या अहवालांत लांबलचक नाव आहे, पण आईसुद्धा नाकच म्हणायची.

त्यामागचं विज्ञान अवघड नाही. पाण्यातून जाणारा प्रत्येक जीव स्वतःचं काहीतरी मागे टाकतो. कातडीचा कण, खवल्यांवरचा चिकटा, विष्ठा, अंडी. त्या प्रत्येक कणात त्या जातीचं डीएनए असतं. पूर्वी समुद्राचं पाणी बाटल्यांतून प्रयोगशाळेत पाठवायचे आणि महिनाभर वाट पाहायचे. आता पिंपातलं यंत्रच पाणी गाळतं, डीएनएचे धागे वेगळे काढतं, वाचतं आणि जातीशी जुळवून किनाऱ्यावर कळवतं. नुकताच सुटलेला धागा लांब असतो. मग ऊन, मीठ आणि जिवाणू त्याचे तुकडे करत जातात आणि दोनेक दिवसांत वाचण्यासारखं काही उरत नाही. त्यामुळे लांब धागे किती आणि तुटके किती हे पाहिलं, की प्राणी केव्हा होता ते कळतं. दोन-तीन नाकांच्या नोंदी पाण्याच्या ओढीशी ताडून पाहिल्या, की कुठे होता तेही बऱ्यापैकी सांगता येतं. मासा न पकडता, त्याला न पाहता. जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर बसून मी याच नोंदी सांभाळते. तपासते, आधीच्या वर्षांशी जोडते. केंद्राची प्रमुख आई होती. तिने हे सगळं उभं केलं.

अडचण एकच होती. माणूसही पाण्यात धागे टाकतो. जाळं ओढताना हातावरचा घाम पाण्यात जातो, कोणी थुंकतं, कोणी चूळ भरतं. वाघखडपाच्या भोवती मासेमारीला बंदी आहे, आणि बंदी असलेल्या ठिकाणी सगळ्यात चांगला मासा असतो, हे गावाला आमच्याआधीपासून ठाऊक आहे. नाकं बसवायची ठरली तेव्हा गाव बिथरलं. देवळासमोरच्या बैठकीत कोणीतरी ओरडलं, "मासे हुंगूक नाय, आमका हुंगूक हाडलानी ही नाकां!"

आईने तिथेच शब्द दिला, की माणसाचा वास या नाकांना येणार नाही. यादी बनायच्या आधीच पिंप माणसाचे धागे बाजूला काढेल, मोहोरबंद करून ठेवेल आणि दोन दिवसांनी पुसून टाकेल. ते दोन दिवसही केवळ यंत्राची चूक शोधावी लागली तर. त्या बाजूला काढलेल्या कप्प्याला तिने नाव दिलं 'घरचे'. गावाच्या सोसायटीचे अध्यक्ष भालूतात्या, म्हणजे गौरेशचे वडील, म्हणाले, "बाईनू, कागदार नको. देवासमोर बोला." आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. जो कोणी माणसाचा वास हुंगेल, त्याच्या जाळ्याला मासा न लागो, असं काहीसं. सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" देवळात कधी हात न जोडणारी माझी आई सगळ्यांच्या वरच्या आवाजात म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गौरेश जिना चढून वर आला. त्याच्या नाकातून रक्त येऊन ते वरच्या ओठावर वाळलं होतं. मला आधी वाटलं, कोणाशी मारामारी झाली.

"ऋजुताताई," तो म्हणाला आणि खाली बसला.

आई पिंपाखाली उतरली होती. दोरीचं एक टोक तिच्या पट्ट्याला आणि दुसरं याच्या हातात. लांबून एक मोठी लाट आली, पिंप आडवं झालं, होडी भिरभिरली. त्यानंतर दोरी हलकी लागली. ओढली तर नुसती कडी वर आली. गौरेश पुन्हा पुन्हा बुडी मारत राहिला. नाकातून रक्त येईपर्यंत.

"मी खंय गेलंय नाय, ताई. लोक काय पण बोलतीत. मी थंयच होतंय."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. माहीत काहीच नव्हतं. मी त्याला रक्त पुसायला ओला रुमाल दिला.

संध्याकाळपर्यंत दोन जहाजं आणि एक विमान शोधाला लागलं. शोधपथकाचे प्रमुख, कॅप्टन रणदिवे, अतिशय सभ्य माणूस. त्यांनी मला समजावून सांगितलं: पाणी कोमट आहे. अंगात फुगणारं जाकीट आहे. बेशुद्ध झाल्या असल्या तरी जाकीट तरंगत ठेवतं. अशा स्थितीत माणूस तीन दिवस तग धरतो. तरंगणारी वस्तू वाऱ्याबरोबर वायव्येला जाते, म्हणून जहाजं वायव्येला चालली आहेत. "तुमच्याकडची काही माहिती असेल तर कळवा," ते म्हणाले.

माझ्याकडची माहिती. मी खुर्चीत बसून समोरच्या पडद्याकडे पाहत राहिले. चार नंबर, तीन नंबर, पाच नंबर. तिन्ही पिंपांच्या पोटात 'घरचे' कप्पा होता, आणि त्यात आई असणार हे मला ठाऊक होतं. तिचे धागे केव्हाचे, किती लांब, कोणत्या बाजूने आले, सगळं तिथे लिहिलेलं होतं. आणि परवा ते पुसलं जाणार होतं.

सकाळी खात्यातून आमच्या वरिष्ठांचा, पाटकरसाहेबांचा, फोन आला.

"ऋजुता, कप्पा उघड."

"सर, तो उघडला की सगळ्यांचा उघडतो. जिवंत माणसाचा एकट्याचा वेगळा काढता येत नाही. आईने तसंच बांधलंय."

"मग सगळ्यांचा उघड. तुझी आई आहे ती! आणीबाणीचं कलम लाव. एक शब्द कोणी बोलणार नाही."

"एकदा उघडला की ती सरकारी नोंद होते ना?"

"होते. पण आत्ता तू त्याचा विचार करायची वेळ आहे का?"

त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण वाघखडपावर कोण जाळी टाकतं हे शोधायला खातं वर्षभर धडपडत होतं, हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच आवाजात असू शकतात. मी म्हणाले, विचार करून सांगते, आणि भालूतात्यांच्या घरी गेले.

तात्या ओटीवर जाळं विणत बसले होते. म्हणजे हातात सुई होती, हात थांबलेले होते. गौरेश पायरीवर. मी काय विचारायला आले आहे ते दोघांनाही ठाऊक होतं.

"उघडा," गौरेश म्हणाला. "सगळां उघडा. माझां नाव येता तर येंवदे."

"तुझां एकट्याचां येवचां नाय," तात्या म्हणाले. "परवाच्या दिवशी खडपार कोण कोण होतो, सांगू? तुझो मामा होतो. शेजारचो होतो. लायसन जाताला, होडी जातली. चार चुली विझतल्यो."

"बाई बुडल्या थंय, आणि तुमी चुली मोजतास?"

"आवाज कमी कर, मेल्या! ती काय माझी कोण लागा नाय?" तात्यांनी सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे लाल होते. "बाय, तू उघडलंस तर मी आडवो येवचंय नाय. गावाक मी समजावतंय. पण येक सांग. तुझी आवस परत इली, आणि तिना इचारल्यान, माझो शब्द कोणी मोडलो, तर तू काय सांगतलंस?"

माझ्या मनात आलं की ती परत येऊन रागावत असेल तर रागावू दे. तिचं रागावणं मला हवं होतं.

"दुसरी वाट असा," तात्या हळूच म्हणाले.

ती वाट मलाही माहीत होती. मी तिचं नाव घेत नव्हते. बैठकीत गावाने एक अट घातली होती, आणि ती तात्यांचीच होती. त्यांचा धाकटा भाऊ वादळात गेला, तो कधी मिळाला नाही. ते म्हणाले होते, जित्या माणसाक हुंगू नका, पण मेल्यार तरी हुडकून काढा. म्हणून आईने एक दार ठेवलं. मेलेल्या माणसाला 'घरचे'मधून काढून शोधाच्या यादीत घालता येतं, जशी एखादी माशाची जात घालतात तशी. मग पिंपं फक्त त्या एकाला शोधतात आणि लगेच कळवतात. बाकी कोणाचा धागा उघडत नाही. त्यासाठी कागद लागत नाही. जवळच्या नातलगाने आपल्या तोंडाने सांगायचं की हे माणूस मेलं, आणि गावातल्या एकाने शेजारी उभं राहून ऐकायचं. कागदार कोण पण सही करता, असं तात्या तेव्हा म्हणाले होते. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला जवळचं म्हणावं असं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

आणि तसं सांगितलं, की नोंद त्याच क्षणी रणदिव्यांच्या टेबलावर जाणार होती. जिवंत माणसाचा शोध थांबणार होता. जहाजं वायव्येकडून वळणार होती.

"तात्या, ती जिवंत आहे," मी म्हणाले.

"व्हय बाय," ते म्हणाले. "आसतली."

त्या दिवशी मी काहीच केलं नाही. पाटकरसाहेबांचे फोन आले, ते घेतले नाहीत. रणदिव्यांचा आला, त्यात काही नव्हतं. मग वायव्येला एक नारिंगी वस्तू दिसल्याचा आला; पुढच्या फोनात ती जाळ्याचं बोयं निघाली. मधल्या वेळात त्या नारिंगी वस्तूचं मी मनात काय काय करून टाकलं होतं ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी यादी उघडली. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. नऊ नाकांच्या नऊ याद्या. रोज याच क्रमाने मी त्या पाहते. एक नंबर, नेहमीचं. दोन, नेहमीचं. पाच नंबरला मी थांबले.

शेंगटी. एरवी दिवसाला चार-पाच धागे सापडतात तिथे रकाना भरून वाहत होता. दोन जातींच्या कुर्ल्या, त्याही तशाच. वाम. आणि तो बारका तपकिरी शंख, जो एरवी वाळूत पुरलेला असतो आणि ठरावीक कारणासाठीच वर येतो.

हे चित्र मी याआधी एकदा पाहिलं होतं. गेल्या वर्षी एक डॉल्फिन मरून तळाशी गेला तेव्हा आईने मला शेजारी बसवून ते वाचायला शिकवलं होतं. आधी शेंगटी येतात, मग कुर्ल्या, मग वाम, शेवटी हे शंख. "पंगत बसली की ओळखायचं," ती म्हणाली होती. "आणि पानात काय आहे ते यादीत सगळ्यात वर असतं." तेव्हा सगळ्यात वर डॉल्फिन होता. हजारो धागे.

आज सगळ्यात वर शेंगटी होती.

मी डॉल्फिन शोधला. नव्हता. कासव शोधलं. देवमासा, मोरी, मोठा पाखट. मग जमिनीवरचे शोधले, कारण कधीकधी खाडीतून मेलेलं जनावर वाहत येतं. गाय, म्हैस, बकरी, कुत्रा. मी कोंबडीसुद्धा शोधली. काहीही नव्हतं. पंगत बसलेली दिसत होती. पानात काय वाढलं होतं ते दिसत नव्हतं.

आमची यादी पाण्यातलं सगळं दाखवते. तिच्यात फक्त एकाच जातीला जागा नाही.

मी खिडकी उघडली, पुन्हा लावली. मग यंत्र तपासलं. गाळणी, तापमान, मागची जुळवणी. यंत्र बिघडलेलं निघावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा धडपडत होते. ते बिघडलं नव्हतं. सहा नंबरची यादी पाहिली. तिथेही शेंगटी वाढू लागल्या होत्या. पाण्याखालची ओढ दक्षिणेची होती; जाकीट फुगलं नसेल तर माणूस वाऱ्याबरोबर नाही, या ओढीबरोबर जातं. सहाच्या पुढे सात, आठ, नऊ, आणि नऊच्या पुढे आमचं नाक नाही. तिथे तळ एकदम खोल जातो.

मी रणदिव्यांना फोन केला. पाच आणि सहा नंबरच्या मध्ये शोधाल का, असं विचारलं.

"ते दक्षिणेला आहे," ते म्हणाले. "तरंगणारं माणूस वाऱ्याच्या विरुद्ध दक्षिणेला जात नाही, बाई. तिकडे काय शोधू?"

"तळाशी."

ते अगदी हळू म्हणाले, "तुमची खात्री आहे का?"

"माशांच्या यादीवरून तसं वाटतं."

"वाटण्यावरून मी जहाज वळवू शकत नाही. आज तिसरा दिवस आहे. अजून आशा ठेवायला जागा आहे, थोडी आहे, पण आहे. तुम्ही नोंद केलीत तर मी आत्ता वळवतो, तळ पाहणारी यंत्रणा लावतो. पण मग वायव्येला कोणी राहणार नाही. हे तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मी तुम्हाला काय करा ते सांगणार नाही."

"नका सांगू," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी एकदा 'घरचे'च्या कप्प्यावर बोट नेलं. उघडला असता तर मला कोणासमोर काही बोलावं लागलं नसतं. पडद्यावर आकडे आले असते, मी ते रणदिव्यांना पाठवले असते, आणि जे म्हणायचं ते आकड्यांनी म्हटलं असतं. तेवढ्यासाठी गावातल्या चार चुली. खरं सांगायचं तर त्या वेळी मला चुली जड वाटल्या नाहीत. मला थांबवलं ते तात्यांच्या प्रश्नाने. त्यांनी विचारलं होतं, ती परत आली तर काय सांगशील. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता उत्तराची गरज उरली नव्हती, कारण विचारायला कोणी येणार नव्हतं. आणि तिने दिलेला शब्द तिच्यामागे पाळणारी मी एकटीच होते.

मी गौरेशला सांगितलं, तात्यांना घेऊन ये.

ते आले तेव्हा त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. जिना चढताना दोनदा थांबले. मी त्यांना यादी दाखवली. तात्यांना आकडे वाचायची गरज पडली नाही. नावं वाचली. शेंगटी, कुर्ल्या, वाम. त्यांनी डोळे मिटले.

"नाक शिंकला आसात," गौरेश दारातून म्हणाला. "ताई, परत बघा. शिंकलाच आसात."

"नाही शिंकलं, गौरेश."

"आजचो दीस थांबा. तीन दीस माणूस रवता, सायबांनी सांगल्यानी ना? आजचो दीस..."

"गप रव, झिला," तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी नोंदणी सुरू केली. हे दार आजवर कोणी उघडलं नव्हतं. यंत्राचा आवाज बाईचा होता, आकाशवाणीवर बाजारभाव सांगतात तसा.

"मृत व्यक्तीची नोंद. नाव सांगा."

"वैजयंती केरकर."

"तुमचं नातं?"

"मुलगी."

"साक्षीला कोण आहे?"

"भालचंद्र कुबल," तात्या पुढे वाकून म्हणाले, कोणी बहिऱ्याशी बोलावं तसं. "शिंपण्याचो."

"काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी म्हणाले, "आई गेली."

यंत्राने विचारलं, "कुठे गेल्या?"

तात्यांनी नजर वळवली. मला राग आला नाही. या यंत्राला आईनेच शिकवलं होतं, इथल्या लोकांचं बोलणं त्याला ऐकवून ऐकवून. आणि इथे रोज सकाळी दारादारांत हाच शब्द असतो. तांडेल खंय असा? गेलो. बाई आहेत का? गेली. मी स्वतः कितीतरी फोनांवर तेच सांगितलं होतं. आई गेली, म्हणजे पाण्यावर गेली, म्हणजे दुपारपर्यंत येईल.

"ती आता नाही," मी म्हणाले.

"त्या कुठे नाहीत?"

"ती आपल्यात राहिली नाही."

"समजलं नाही. त्या सध्या कुठे राहतात?"

खिडकीबाहेर होड्यांची इंजिनं चालू होत होती. भरती लागली होती. पडद्याच्या कडेला सात नंबरची यादी उघडी होती आणि तिथे शेंगटीच्या रकान्यातला आकडा बदलत होता.

"बाय," तात्या म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तिका आडून सांगल्यार कळाचां नाय. सरळ सांग."

सरळ शब्द एकच होता. तो आम्ही मांजराला वापरतो, झाडाला वापरतो. भांडणात बायका एकमेकींवर फेकतात. आईला कोणी वापरत नाही. बाबांच्या वेळी मी शाळेत होते, आणि तेव्हाही सगळ्यांनी मला दुसरेच शब्द दिले होते. देवाघरी गेले, वारले, सोडून गेले. तेच मी इतकी वर्षं वापरत आले. या तीन दिवसांत तर मनातसुद्धा मी त्या शब्दाच्या आसपास फिरकले नव्हते. मी रणदिव्यांना 'तळाशी' म्हटलं होतं. तात्यांना यादी दाखवली होती. सगळं केलं होतं, तो शब्द सोडून.

"काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा," यंत्राने पुन्हा विचारलं.

मी टेबलाची कड धरली.

"माझी आई मेली," मी म्हणाले.